रिपोर्टमधला टी२ एन१ एम० सगळ्या जगाला कसा काय कळतो

टी२ एन१ एम०. ब्रेस्ट कॅन्सरचा रिपोर्ट हातात आला की त्यात असं काहीतरी लिहिलेलं असतं आणि घरातले सगळे आधी तेच वाचून घाबरतात, कारण गाडीच्या नंबरसारखं दिसणारं हे काय प्रकरण आहे ते कुणालाच कळत नाही आणि डॉक्टरांसमोर बसल्यावर नेमकं तेच विचारायचं राहून जातं. तर टी म्हणजे गाठीचा आकार, टी२ म्हणजे दोन ते पाच सेंटीमीटरच्या मधली. एन म्हणजे काखेतल्या ग्रंथी, लिम्फ नोड. एन१ म्हणजे तिथे पोचलाय पण अजून मोजक्याच ग्रंथींत. एम म्हणजे लांब कुठे, हाडं लिव्हर फुप्फुस वगैरे, तिकडे पसरलाय का, आणि एम० म्हणजे तसं काही सापडलेलं नाही. झालं, एवढंच आहे ते.

आता गंमत बघा, हाच रिपोर्ट पेरूमधल्या किंवा जपानमधल्या डॉक्टरसमोर ठेवला तर बाकीची भाषा त्याच्या डोक्यावरून जाईल पण ही सहा अक्षरं-आकडे वाचून त्याला पेशंटचं निम्मं चित्र समजेल. हे आपोआप झालेलं नाही. पियेर दनुआ नावाच्या फ्रेंच सर्जनने १९४३ ते १९५२ या काळात ही पद्धत बसवली, आणि मग युआयसीसी या आंतरराष्ट्रीय कॅन्सर संघटनेने १९६८ मधे त्याचं खिशात मावेल असं पहिलं पुस्तक काढलं. त्याआधी काय व्हायचं, तर एका हॉस्पिटलची "लवकर सापडलेली केस" ही दुसऱ्या हॉस्पिटलच्या हिशोबात उशिराची असायची, आणि मग कुणी म्हटलं की आमच्याकडे पन्नास टक्के पेशंट वाचतात तर ते खरंच भारी काम करतायत की त्यांच्याकडे मुळात सोप्या केसेस येतायत हे सांगायला मार्गच नव्हता.

आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हटलं की डोळ्यासमोर येतो तो फोटो: फीत कापताय, मागे नवंकोरं मशीन, पाहुणे डॉक्टर हसतायत. माझं मत विचाराल तर खरं सहकार्य अगदी कंटाळवाणं असतं. सगळ्यांनी एकाच पट्टीने मोजायचं असं ठरवणं, आणि मग आपण खरंच त्या पट्टीने मोजतोय ना हे एकमेकांकडून तपासून घेणं, बस. मॅमोग्राफीच्या रिपोर्टवर जो बायरॅड्सचा आकडा असतो ना, शून्य ते सहा, तोही याच जातीचा. अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने १९९३ मधे काढला आणि आता जगभर चालतो. तीन म्हणजे बहुतेक साधीच गाठ आहे पण साधारण सहा महिन्यांनी परत बघू, चार म्हणजे बायोप्सी करा.

पण खरी गोष्ट बायोप्सीत आहे म्हणून तिथे जरा थांबू.

सुईने काढलेला तुकडा आगपेटीच्या काडीपेक्षा बारीक असतो, लांबी सेंटीमीटर दीड सेंटीमीटर. तो बाहेर आला की तासाभराच्या आत फॉर्मॅलिनमधे पडला पाहिजे आणि त्यात कमीत कमी ६ तास, जास्तीत जास्त ७२ तास राहिला पाहिजे, असं आंतरराष्ट्रीय पातळीवर मानली जाणारी गाईडलाईन सांगते. ऐकायला फालतू वाटतं. पण समजा तुकडा तसाच कोरडा पडून राहिला, किंवा घाईघाईत दोन तासांतच फॉर्मॅलिनमधून काढला, तर पेशींमधले रिसेप्टर, म्हणजे हार्मोन पकडणारी प्रथिनं, नीट टिकत नाहीत आणि टेस्टमधे ईआर, म्हणजे इस्ट्रोजेन हार्मोनचा रिसेप्टर, निगेटिव्ह येऊ शकतं, म्हणजे प्रत्यक्षात हार्मोनवर वाढणारा कॅन्सर आहे पण कागदावर तो तसा नाही. मग त्या बाईला टॅमॉक्सिफेनसारखी साधी, स्वस्त, रोजची एक गोळी मिळतच नाही जिने तिचा धोका बराच कमी झाला असता. इतकं सगळं त्या डबीत तुकडा कधी पडला यावर. परदेशातला कितीही मोठा तज्ज्ञ व्हिडिओ कॉलवर आणला तरी तो हा बिघडलेला तुकडा दुरुस्त करू शकत नाही.

बरं ईआर पॉझिटिव्ह म्हणायचं तरी कशाला? आधी बऱ्याच लॅब दहा टक्के पेशी रंगल्या तर पॉझिटिव्ह धरायच्या, २०१० मधे ठरलं की एक टक्का रंगल्या तरी पॉझिटिव्ह धरा, म्हणजे नुसती रेघ सरकवल्याने काही बायका एका गटातून दुसऱ्या गटात गेल्या, आजार तोच, शरीर तेच. हर-२ या पेशींवरच्या प्रथिनाचं पण तसंच, ० पासून ३+ पर्यंत मार्क देतात. मायक्रोस्कोपखाली पेशीच्या कडेकडेने तपकिरी रंगाची गडद पूर्ण जाळी दिसली तर ३+, म्हणजे पॉझिटिव्ह. २+ म्हणजे धड इकडे ना तिकडे, मग फिश नावाची वेगळी टेस्ट करावी लागते. ० आणि १+ मधे फारसं कुणी लक्ष घालायचं नाही कारण दोन्हीचा अर्थ निगेटिव्हच. आणि मग २०२२ मधे एका मोठ्या ट्रायलमधे, म्हणजे पेशंटवर औषध तपासून बघण्याच्या अभ्यासात, दिसलं की ट्रॅस्टुझुमॅब डेरक्स्टेकॅन हे नवीन औषध, आजार पसरलेल्या ज्या बायकांचा रिपोर्ट १+ आहे किंवा २+ असून फिश निगेटिव्ह आहे त्यांनाही उपयोगी पडतं, आणि एका रात्रीत ० की १+ या प्रश्नाला प्रचंड महत्त्व आलं. तेव्हा लक्षात आलं की या दोन मार्कांमधे पॅथॉलॉजिस्टांचं आपसात बऱ्यापैकी जमत नाही, तीच स्लाईड एकाला ० वाटते आणि दुसऱ्याला १+.

यावर उपाय म्हणून लॅबची परीक्षा घेतात. ब्रिटनमधून यूके नेक्वास नावाची योजना चालते, त्यात ते न रंगवलेल्या स्लाईड्स वेगवेगळ्या देशांतल्या लॅबना पाठवतात, लॅबने त्या आपल्या नेहमीच्या पद्धतीने रंगवायच्या आणि परत पाठवायच्या, आणि तिथे तज्ज्ञ बसून मार्क देतात. सगळ्यांकडे एकच टिश्यू असतो त्यामुळे रंग फिका आला तर दोष टिश्यूला देता येत नाही. मला हा प्रकार फार आवडतो. यात कुणी कुणाला दान देत नाहीये, सगळे एकाच पेपरला बसलेत.

रेडिएशनचं तर याहून भारी आहे. व्हिएन्नाला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आहे, आयएईए, जिचं नाव आपण फक्त अणुबॉम्बच्या बातम्यांत ऐकतो. ही संस्था आणि डब्ल्यूएचओ मिळून १९६९ पासून हॉस्पिटलांना पोस्टाने छोटे डोसिमीटर, म्हणजे रेडिएशनचा डोस मोजणारे, पाठवतात, गोळीच्या कॅप्सूलएवढे. हॉस्पिटलच्या फिजिसिस्टने ते मशीनखाली ठेवायचे, आपण पेशंटला जसे देतो तसे बरोबर २ ग्रे (ग्रे हे रेडिएशनच्या डोसचं माप) द्यायचे, आणि पाकीट परत पाठवायचं. झायबर्सडॉर्फच्या लॅबमधे ते वाचतात की खरोखर किती डोस पडला. पाच टक्क्यांपर्यंत फरक चालतो, त्याच्यावर गेला की हॉस्पिटलला कळवतात, पुन्हा डोसिमीटर पाठवतात, गरज पडली तर माणूस पाठवतात. पाच टक्के म्हणजे काय मोठंसं असं वाटेल, पण तोच फरक रोज, प्रत्येक पेशंटला पडत असतो. कमी पडला तर कॅन्सर परत यायची भीती, जास्त पडला तर कातडी, फुप्फुस, डाव्या बाजूला असेल तर हृदय. पेशंटला यातलं काहीच दिसत नाही आणि जाणवतही नाही, मशीन तसंच घूं घूं करतं.

आता ट्रायलकडे येते. लोक विचारतात की एकाच मोठ्या देशाने सगळं संशोधन का करू नये, पेशंट तर भरपूर आहेत. २०२२ मधे जगभरात अंदाजे २३ लाख नवीन केसेस आणि ६ लाख ७० हजार मृत्यू, मग कमी कुठे पडतात? पण हिशोब करून बघा. शंभर पेशंट घेतले तर त्यातल्या साधारण १५ ते २० हर-२ पॉझिटिव्ह. त्यातून आजार पसरलेला नाही अशा, ऑपरेशन झालेल्या, केमो झालेली, हृदय ठणठणीत (कारण हर-२ वरचं औषध ट्रॅस्टुझुमॅब हृदयावर येऊ शकतं), आणि ट्रायलमधे यायला हो म्हणणाऱ्या. एका हॉस्पिटलला वर्षाला मूठभर मिळतात. औषध खरंच काम करतंय की नशीब हे सांगायला तर हजारो लागतात आणि तेही पटकन, नाहीतर उत्तर येईपर्यंत प्रश्न जुना झालेला असतो.

म्हणून १९९९ मधे ब्रसेल्समधून बिग, म्हणजे ब्रेस्ट इंटरनॅशनल ग्रुप सुरू झाला, मार्टिन पिकार्ट आणि एरन गोल्डहिर्श या दोन डॉक्टरांनी उभा केलेला. त्यांची हेरा नावाची ट्रायल ३९ देशांत झाली, ५,१०० च्या आसपास बायका. २००५ मधे पहिला निकाल आला आणि वर्षभर ट्रॅस्टुझुमॅब घेतलेल्यांमधे आजार परत येण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलेलं दिसलं. याच ट्रायलमधे दोन वर्षं घेतलं तर अजून फायदा होतो का हेही बघितलं होतं, तर होत नाही असं उत्तर आलं. म्हणजे जास्त औषध म्हणजे जास्त बरं असं नसतं, आणि हे सांगायलाही तेवढीच माणसं लागतात. मग ब्रिटिशांनी सहा महिने पुरतात का ते चार हजारांवर बायकांमधे बघितलं, त्यांना पुरतात असं दिसलं, फ्रेंचांच्या ट्रायलमधे ते सिद्ध झालं नाही, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी अजून एक वर्षच देतात. डॉक्टर लोक भांडतात ते असं.

पण इथेच मला एक गोष्ट खटकते ती बोलून टाकते. ट्रायलचा निकाल २००५ मधे आला आणि डब्ल्यूएचओच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ट्रॅस्टुझुमॅब आलं २०१५ मधे. दहा वर्षं. त्याची स्वस्त नक्कल, म्हणजे ज्याला बायोसिमिलर म्हणतात, तिला डब्ल्यूएचओने पहिल्यांदा मान्यता दिली २०१९ च्या डिसेंबरात. औषध कुणावर तपासायचं हे ठरवताना जग एक असतं आणि औषध कुणाला परवडतं या प्रश्नाला जगाचे तुकडे होतात. यादीत नाव आलं म्हणून उद्या औषध मिळतं असंही नाही, पण देशाच्या सरकारला ते विकत घ्यायला निदान एक आधार मिळतो.

दुसरीकडे, ज्यात औषध कंपनीला फारसं काही मिळत नाही अशी कामं सुद्धा याच सहकार्यातून झालीत आणि माझ्या मते तीच जास्त मोलाची आहेत. म्हणजे ट्रीटमेंट कमी करण्याची. १८८२ पासून हॉलस्टेड या अमेरिकन सर्जनच्या पद्धतीने स्तन, खालचे स्नायू, काखेतल्या ग्रंथी सगळं खरवडून काढायचे आणि जवळपास शंभर वर्षं कुणी फारसं विचारलं नाही की एवढं लागतं का. अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत उंबेर्तो वेरोनेसी या दोघांनी वेगवेगळ्या ट्रायल केल्या, फक्त गाठ काढून रेडिएशन देणं विरुद्ध पूर्ण स्तन काढणं, आणि दोघांचे वीस वर्षांचे निकाल २००२ मधे एकाच जर्नलच्या एकाच अंकात छापून आले. जगण्यात फरक नाही. एकट्या माणसाचा निकाल असता तर लोक म्हणाले असते की त्याचे पेशंटच वेगळे, दोन खंडांतून एकच उत्तर आल्यावर वाद घालायला जागा उरली नाही.

त्यानंतर माइंडॅक्ट नावाची ट्रायल, युरोपातल्या ९ देशांत, ६,६९३ बायका. गाठीतल्या ७० जीन्सची टेस्ट करून बघितलं की नेहमीच्या हिशोबाने धोका जास्त पण जीन्सच्या हिशोबाने कमी अशांनी केमो टाळली तर काय होतं. केमो न घेतलेल्यांपैकी ९४.७ टक्के बायका पाच वर्षांनी लांब कुठेही न पसरता ठीक होत्या. केस जाणं, उलट्या, हातापायाला मुंग्या हे सगळं त्यातल्या अनेकींचं टळलं. आणि रेडिएशन, जे आधी पाच आठवडे रोज असायचं, ते कॅनडा ब्रिटन वगैरेंच्या ट्रायलनंतर तीन आठवड्यांवर आलं, २०२० मधे ब्रिटनच्या फास्ट फॉरवर्ड ट्रायलने दाखवलं की एका आठवड्यात पाच डोसही तितकेच चालतात. याचा फायदा कुणाला जास्त, तर जिथे मशीन एक आणि रांग मोठी तिथल्या बायकांना, कारण २५ दिवसांच्या जागी ५ दिवस म्हणजे त्याच मशीनवर कितीतरी जास्त पेशंट, आणि लांबून येणारीला महिनाभर घर सोडून राहावं लागत नाही.

आणि पॉझिटिव्ह नावाची ट्रायल. तरुण वयात कॅन्सर झालेल्या बाईला हार्मोनच्या गोळ्या पाच ते दहा वर्षं घ्यायला सांगतात आणि त्या काळात गरोदर राहता येत नाही, पस्तिशीतली असेल तर ती पाच वर्षं म्हणजे सगळंच. गोळ्या मधे थांबवल्या तर चालेल का हे विचारायला प्रत्येक डॉक्टर घाबरायचा आणि एका देशात अशा बायका शोधून किती मिळणार. २० देशांनी मिळून ५१६ बायका जमवल्या, सगळ्या ४२ किंवा कमी वयाच्या, दीड ते अडीच वर्षं गोळ्या घेऊन मग दोन वर्षांपर्यंत सुट्टी. २०२३ मधे निकाल आला, थोड्या काळापुरता तरी कॅन्सर परत यायचं प्रमाण वाढलेलं नाही, आणि ३६५ बाळं जन्माला आली. पुढची अनेक वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवणार आहेतच, कारण हा कॅन्सर दहा पंधरा वर्षांनीही डोकं वर काढतो.

हे सगळं झालं मोठ्या सेंटर्सचं. पण CONCORD सारखा अभ्यास... थांबा, नाव मराठीतच लिहिते, कॉन्कॉर्ड-३, ७१ देशांतल्या, कॅन्सरच्या केसेसची नोंद ठेवणाऱ्या ३२२ रजिस्ट्रींचा, २०१८ मधे आलेला, त्यात ब्रेस्ट कॅन्सरनंतर पाच वर्षं जगण्याचं प्रमाण अमेरिका ऑस्ट्रेलियात ९० टक्क्यांच्या आसपास आणि भारतात ६६. ही तुलना करता आली तीसुद्धा सगळ्यांनी मृत्यू आणि केसेस एकाच पद्धतीने नोंदवल्या म्हणून. आफ्रिकेतल्या पाच देशांत, नामिबिया नायजेरिया दक्षिण आफ्रिका युगांडा झांबिया, एका अभ्यासात साध्या मोबाईलवर दर तीन महिन्यांनी फोन करून पेशंटची विचारपूस केली, कारण बाई एकदा हॉस्पिटलमधून गेली की परत येईल याची खात्री नाही आणि ती गायब झाली म्हणजे बरी झाली असं धरलं तर आकडे खोटे पडतात.

मग श्रीमंत देशांचे नियम जसेच्या तसे सगळीकडे लावायचे का? इथे बऱ्याच लोकांची गल्लत होते. मॅमोग्राफीचं मशीन भेट मिळालं, उद्घाटन झालं, पण संशयास्पद डाग दिसल्यावर बायोप्सी करणारा नाही, ती वाचणारा पॅथॉलॉजिस्ट नाही, पुढे ऑपरेशनला तीन महिन्यांची रांग, तर त्या मशीनने फक्त घाबरलेल्या बायकांची संख्या वाढवली. सिएटलमधून २००२ मधे सुरू झालेल्या एका उपक्रमाने म्हणूनच गाईडलाईनचे चार थर पाडले, अगदी बेसिकपासून वरपर्यंत, म्हणजे तुमच्याकडे आहे तेवढ्यात आधी काय आणि नंतर काय. मुंबईतल्या टाटा मेमोरियलने दीड लाख बायकांवर वीस वर्षं अभ्यास केला, पैसे अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेनेही दिलेले, त्यात मशीन नाहीच, ट्रेनिंग दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासायच्या. गाठी लवकरच्या स्टेजला सापडल्या, आणि ५० च्या पुढच्या बायकांत मृत्यू जवळपास ३० टक्के कमी दिसले, त्याहून तरुण बायकांत मात्र तसा फरक दिसला नाही.

डब्ल्यूएचओने २०२१ पासून जे ध्येय ठेवलंय ते पण असंच साधं आहे: ६० टक्के केसेस पहिल्या-दुसऱ्या स्टेजला सापडाव्यात, बाई पहिल्यांदा तक्रार घेऊन आल्यापासून ६० दिवसांत निदान व्हावं, आणि ८० टक्क्यांची ट्रीटमेंट पूर्ण व्हावी. मला यातलं मधलं सगळ्यात अवघड वाटतं. साठ दिवस म्हणजे खूप वाटतात पण त्यात आधी "दुखत नाही ना, मग काही नाही" असं सांगणारा कुणीतरी भेटतो, मग सोनोग्राफीची तारीख, मग रिपोर्ट अपुरा म्हणून परत बायोप्सी.

तुम्हाला स्वतःला बाहेरच्या देशातलं सेकंड ओपिनियन घ्यायचं असेल तर एक ध्यानात ठेवा, नुसते कागद पाठवून अर्धंच काम होतं. पॅराफिनचा ब्लॉक (म्हणजे बायोप्सीचा तुकडा ज्यात जपून ठेवतात तो मेणाचा ठोकळा) आणि स्लाईड्स मागून घ्या, स्कॅनचे फोटो नकोत तर मूळ फाईली हव्यात, कारण समोरचा चांगला असेल तर तो आधी स्लाईड स्वतः बघेल आणि मगच बोलेल.

शेवटचं, जीन्सच्या टेस्टचं. बीआरसीए१ आणि २ या जीन्समधे बिघाड असेल तर धोका वाढतो हे आता बऱ्याच जणांना माहीत असतं, पण रिपोर्टवर कधीकधी व्हीयूएस असं येतं, म्हणजे बदल दिसतोय पण तो वाईट की निरुपद्रवी ते अजून ठरलेलं नाही. ज्यांच्या समाजातल्या लोकांच्या टेस्ट कमी झाल्यात त्यांच्या रिपोर्टात हे जास्त येतं, कारण तुलना करायला तसे लोकच डेटाबेसमधे कमी, बहुतेक माहिती युरोपीय वंशाच्या लोकांची. २००९ पासून एनिग्मा नावाचा गट अनेक देशांतल्या लॅबकडचे असे बदल एकत्र करून ठरवतो की पाचापैकी कुठल्या गटात टाकायचा. एकटीच्या घराण्यात एक बदल सापडला तर काहीच कळत नाही, तोच बदल पाच देशांतल्या चाळीस घराण्यांत बघायला मिळाला तर कळतं. व्हीयूएसवर विसंबून कुणी ऑपरेशनचा निर्णय घेऊ नये असं गाईडलाईन सांगतात, आणि पुढे त्यातले बहुतेक निरुपद्रवीच निघतात. फक्त हा बदललेला निकाल तुमच्यापर्यंत आपोआप येईलच असं नाही, त्यामुळे दर एक-दोन वर्षांनी लॅबला किंवा जेनेटिक काउन्सिलरला फोन करून विचारायचं, आणि मधे तुमचा मोबाईल नंबर बदलला असेल तर तोही कळवायचा.